एका बाजूने कोरे कागद

"अंजनी, तुझा सासरा आत्ताच आमच्या दारातून केळीची सालं घेऊन गेला. उद्यापासून घरचा केरही त्यालाच देऊ का?"

नळावर रखमा हसत म्हणाली. बाकीच्या बायकाही हसल्या. अंजनीने अर्धीच भरलेली कळशी उचलली आणि खाली मान घालून खोलीत आली.

शंकरराव जमिनीवर मांडी घालून बसले होते. पुढ्यात चाळीतल्या घराघरांतून आणलेला पसारा. सालं नि देठं गळक्या बादलीत, मातीच्या थराखाली. दुधाच्या पिशव्या धुऊन दोरीवर टांगलेल्या. चिंध्या पायपुसण्यांसाठी बाजूला. कागदांचे दोन ढीग होते. दोन्ही बाजूंनी भरलेल्या कागदांच्या पिशव्या करून ते कॅम्पातल्या सिंधी किराणावाल्याला नेऊन देत. एका बाजूने कोरे असत, ते सारखे कापून दाभणाने शिवत आणि त्यांच्या वह्या चाळीतल्या पोरांना वाटत. एक वही अंजनीलाही दिली होती.

"आबा, आपल्या घरचं ठीक आहे. लोकांचं कशाला उचलता?"

"लोकांचं शेवटी आपल्याच कोपऱ्यावर येऊन पडतं ना, सूनबाई. पंधरा पंधरा दिवस केराची गाडी येत नाही. उंदीर बघितलेस किती झालेत?"

अंजनीची आजी कल्याणच्या बाजारात झाडू मारायची. तो झाडू घरातून कायमचा जावा म्हणून आईने अंजनीला दहावीपर्यंत शिकवलं, आणि अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर होऊन विठ्ठलवाडीला खोली घेतलेल्या माणसाची सून केलं. आणि इथे सासराच हौसेने दारोदार केर गोळा करत फिरत होता. नळावर गेलं की कानशिलं तापायची. दुकानात कागदी पिशवीतून डाळ मिळाली तरी तिला वाटायचं, सगळे आपल्याकडेच बघताहेत.

नवरा कमळाकर लग्नानंतर दोन महिन्यांतच मस्कतला वेल्डिंगच्या कामावर गेला होता. महिन्याकाठी त्याचं पत्र यायचं, रीतीप्रमाणे वडिलांच्या नावाने. शंकरराव पाकीट न फोडताच अंजनीपुढे धरायचे.

"मला अडाण्याला काय कळतंय त्यातलं? तू वाच. मला सांगण्यासारखं असेल तेवढं सांग."

एवढं बोलून ते चपला घालून बाहेर पडायचे आणि चांगला तासभर फिरकायचे नाहीत. अंजनी दार लोटून पत्र तीन तीनदा वाचायची. आबा आले की "खुशाल आहेत" एवढंच सांगायची. सासरा अडाणी असल्याचं तिला त्या एका तासापुरतं बरं वाटायचं.

रखमाचं बोलणं त्या दिवशी काही केल्या जाईना. दुपारी आबा किराणावाल्याकडे गेले, तशी तिने वही ओढली आणि कमळाकरला लिहायला बसली.

'तुमच्या वडिलांमुळे मला चार बायकांत मान वर करता येत नाही. ज्या कामातून आपली माणसं एवढ्या कष्टाने बाहेर पडली, तेच काम हे आपणहून करतात. दिवसभर लोकांच्या घाणीत हात घालतात आणि त्याच हाताने माठातलं पाणी घेतात. मला त्या पाण्याची किळस येते. एक तर ते इथे राहतील, नाहीतर मी.'

लिहून झाल्यावर तिने ते वाचलं आणि तिचीच तिला भीती वाटली. एवढं सगळं परमुलखातल्या माणसाला कळवायचं? तिने ते पान वहीतून काढून पिशव्यांच्या ढिगात टाकलं. फाडायची गरज तिला वाटली नाही. मग दुसरं पान घेतलं आणि 'आबांची तब्येत बरी आहे' असं सुरू करून साधं पत्र लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शंकररावांनी रोजच्यासारखी भाजी निवडली नाही. दोन धोतरं, एक सदरा पिशवीत भरला.

"खरवईला जातो. गोदू एकटी असते," ते म्हणाले. गोदू त्यांची धाकटी बहीण. "तिच्या परसात हे खतही कामाला येईल."

"परत कधी येणार, आबा?"

"कमळाकर आला की बघू."

निघताना त्यांनी पाणी मागितलं. माठ हाताशीच होता, पण ते उभेच राहिले. अंजनीने तांब्या भरून आणला, तसे ते दाराबाहेर सरकले आणि त्यांनी ओंजळ पुढे केली.

"तांब्याच घ्या की."

"असू दे. ओत."

ते पाणी प्यायले, बादली उचलली आणि गेले. कुणाला काही न सांगता, न भांडता सगळं सुटलं म्हणून अंजनीने सुटकेचा निःश्वास टाकला. त्याची तिला थोडी लाजही वाटली. पण पुढचे आठ दिवस ती नळावर ताठ मानेने गेली.

नवव्या दिवशी दारात एक म्हातारी उभी राहिली. हिरवं लुगडं, हातात पेढ्यांचा पुडा.

"जय भीम, पोरी. शंकरराव हायेत का? मी गयाबाई. अंबरनाथला एकाच खात्यात होतो आमी. नातीचं लगीन जमलं, म्हनून सांगाया आले."

"आबा खरवईला गेलेत, मावशी. बसा ना, चहा ठेवते."

"नको गं, गाडी चुकंल. कागद दे एखादा, चिठ्ठी लिवते."

अंजनीने वही पुढे केली. गयाबाईने उंबऱ्यावर बसून, ओठ हलवत, टपोऱ्या अक्षरात पाचसहा ओळी लिहिल्या आणि पान तिच्या हातात दिलं.

"एवढी त्येंच्या हातात पोचती कर."

"मावशी, आबांना वाचता येत नाही. मी गेले की वाचून दाखवेन."

गयाबाईला आधी थट्टाच वाटली. ती हसली. मग अंजनीच्या तोंडाकडे बघून थांबली.

"असं कसं गं म्हनतीस, पोरी? पाळी सुटली की गेटापाशी चिंचेखाली बसवून आमा सतरा बायांना लिवाया-वाचाया त्येंनीच तर शिकवलं."