मुलाम्याचं गुपित

"बाटली आधी खाली ठेवा," मालक म्हणाला. "आणि खरं सांगा, तुम्हाला पाठवलं कुणी?"

"उद्योजक संघटनेनं. तुम्हीही सभासद आहात, साहेब."

बाईच्या हातातल्या बाटलीत हिरवट पाणी होतं. संघटनेनं तिला सल्लागार नेमलं होतं. कारखान्यातून वाया जाणारं वाचवा, घाण कमी, नफा जास्त, असं ती दारोदार सांगत होती. तेही फुकट! फुकट म्हटलं की मालकाच्या मनात शंकेची पाल चुकचुकायचीच.

हा कारखाना नळाच्या तोट्यांवर निकेलचा मुलामा चढवायचा. त्याच्यासारखी झळाळी अख्ख्या वसाहतीत कुणाच्या मालाला नव्हती, आणि गिऱ्हाईक टिकून होतं ते तेवढ्यावरच. झळाळी यायची वडिलांनी शिकवलेल्या एका मिश्रणामुळे. मालक दाराला कडी लावून ते एकटा कालवायचा आणि मुलाम्याच्या टाकीत ओतायचा. पंधरा वर्षं टाकीवर उभ्या असलेल्या सख्ख्या मेव्हण्यालाही त्यानं ताकास तूर लागू दिली नव्हती. शेजारचा कारखानदार तर त्यासाठी टपूनच बसलाय, याची त्याला खात्री होती.

"हे तोट्या धुतलेलं पाणी आहे," बाई म्हणाली. "तोट्या मुलाम्याच्या टाकीतून काढल्या की तुमचा माणूस तशाच पाण्यात बुडवतो. अंगावरचं निकेल सगळं त्या पाण्याबरोबर जातं. टाकीवरच दहा आकडे मोजून निथळू द्या. मध्ये एक साध्या पाण्याची टाकी ठेवा, आणि ते पाणी परत मुलाम्याच्या टाकीतच ओता."

"मी तर थांबायला तयार आहे," मेव्हणा म्हणाला. "जरा थांबलं की दाजी ओरडतात, झोपलास का म्हणून."

"तू गप रे! मॅडम, ही बाटली तपासली तर काय सापडतं?"

"टाकीत जे जे आहे ते सगळं. थोडं थोडं."

मालकानं बाटली हिसकावूनच घेतली. "वाटलंच मला! हे शेजाऱ्याचं काम. तोही आहे ना तुमच्या संघटनेत?"

बाई सकाळपासून असलीच बोलणी ऐकून वैतागली होती. "अहो साहेब, चोरायचंच असतं तर मी आत कशाला आले असते? तुमचं गटार त्याच्या फाटकासमोरून जातं. उघडं."

मालक बाटली घेऊन तसाच बाहेर गेला. पाणी आपलं निवांत शेजाऱ्याच्या फाटकाकडे चाललं होतं. वडील गेल्यापासून रोज तो आत कडी लावत होता आणि इकडे हे वाहत होतं.

आत आला तो ओरडतच. "मोज! दहा नाही, वीस मोज! एक थेंब बाहेर जाता कामा नये!"

मधली टाकी संध्याकाळच्या आत बसली. मेव्हण्यावर भरवसा नको म्हणून मालक स्वतःच खुर्ची टाकून बसला.

"संघटनेच्या बैठकीत याल का हे सांगायला?" निघताना बाईनं विचारलं. "बाकीच्यांनाही फायदा होईल."

"बाकीच्यांना सांगा, मी तुम्हाला हाकलून दिलं."

निकेल आता कितीतरी कमी लागत होतं. त्याचं मालकाला काडीचं कौतुक नव्हतं. तो दिवसातून चारदा बाहेर जाऊन गटारात डोकावायचा आणि पाणी स्वच्छ दिसलं की तेवढ्यापुरता शांत व्हायचा.

पाचव्या दिवशी शेजारचा कारखानदार दारात उभा. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.

"काय हो, सगळं ठीक ना?" मान लांबवून आत बघत तो म्हणाला. "काम बंद पडलं की काय? नाही, चार दिवस झाले, तुमचं पाणी हिरवं येत नाही."

"मंदी आहे," मालक म्हणाला आणि दार ओढून घेतलं.