तळ्याकाठचा मांडव

खुंटी तिसऱ्यांदा वाकली तेव्हा त्रिवेणीने हातोडा खाली ठेवला आणि जमिनीकडे नीट पाहिलं. वर जेमतेम चार बोटं माती, खाली अख्खा ग्रॅनाइट. अनंतगिरीच्या डोंगरातलं हे तळं पावसाळ्यात भरायचं आणि होळीपर्यंत आटायचं. आता दिवाळी नुकतीच झालेली. पाणी काठोकाठ होतं, आणि तंबूला सपाट जागा उरली होती ती एवढीच.

“एम. एस्सी.त खुंटी नव्हती वाटतं,” तिचे वडील नामदेवराव सतरंजीवरून म्हणाले.

त्रिवेणीने वाकलेली खुंटी दगडावर ठोकून सरळ केली. खाणी नुकत्याच खाजगी कंपन्यांना खुल्या झाल्या होत्या आणि अशाच एका कंपनीत तिला भूशास्त्रज्ञाची नोकरी लागली होती. सहा महिने डोंगरात तंबूत राहायचं, दगडांचे नमुने गोळा करायचे. सोमवारी रुजू व्हायचं होतं. नामदेवराव हो म्हणाले नव्हते, नाहीही म्हणाले नव्हते. आधी एक रात्र माझ्यासमोर तंबूत राहून दाखव, मग बघू, एवढंच त्यांनी सांगितलं होतं. आईच्या पिशवीत परभणीच्या स्थळाचं पत्र होतं, हेही तिला ठाऊक होतं.

आणि तंबू तरी कसला! शहरात, कोठी भागातल्या दुकानात तिने दाखवलेल्या खाकी तंबूत नामदेवरावांनी डोकं घातलं होतं आणि यात माणसं निजतात की कांदे साठवतात, असं दुकानदाराला विचारून ते बाहेर पडले होते. मग मलकपेठेतल्या ओळखीच्या माणसाकडून लग्नाच्या मांडवाचं कापड आणलं. लाल, पिवळं, हिरवं. चारी बाजूंनी झालर. आत ताठ उभं राहता येतं, हा त्यांचा मुद्दा. आईने, भामाबाईंनी, पोळपाट आठवणीने घेतला होता, लाटणं घरी बरकतपुऱ्यात राहिलं. त्या आता थर्मासने पोळ्या लाटत होत्या आणि पोळ्या गोल येत होत्या.

त्रिवेणी गुडघ्यांवर बसली आणि तळहाताने माती बाजूला सारू लागली. हातभर गेल्यावर खडकात एक भेग सापडली, केसाएवढी सुरू होऊन पुढे बोटभर रुंद झालेली. तिने तिची दिशा पाहिली, उठली, तीन पावलं मोजून पुन्हा माती सारली. दुसरी भेग तिथेच होती, पहिलीला समांतर.

“तिथं आहे हे कसं कळलं?” नामदेवरावांनी विचारलं.

खडक आपल्याला वाटेल तसा फुटत नाही, त्याच्या ठरलेल्या ओळी असतात, ती म्हणाली. मग भेगांमध्ये खुंट्या तिरप्या ठोकल्या, दोऱ्या ताणल्या, आणि मांडव उभा राहिला. नामदेवराव उठले. बैल जुंपण्याआधी जू ओढून बघावं तशी त्यांनी एकेक दोरी दोन्ही हातांनी ओढून पाहिली. चौथी ओढताना चक्क मागे रेलले. खुंटी हलली नाही. ते सतरंजीवर जाऊन बसले.

ऊन कलायला लागलं तशा पलीकडच्या काठाने तिघी बायका येताना दिसल्या. पुढच्या वयस्क बाईच्या डोक्यावर हळदीची बोटं ओढलेलं दह्याचं मडकं होतं. ती खालच्या तांड्याजवळच्या वाडीतली सत्यवती. मडकं खाली ठेवून तिने आधी झालर निरखली, मग तिघांना.

“पेळ्ळिकूतुरु एक्कड?” नवरी कुठाय, तिने विचारलं.

भामाबाईंच्या हातातला थर्मास थांबला. नामदेवरावांनी आपल्या मोडक्यातोडक्या तेलुगूत सांगितलं की लग्न नाही, आम्ही नुसतेच राहायला आलोय. हे मात्र सत्यवतीला पटेना. रंगीत मांडव घालून, घरदार सोडून दगडावर नुसतं कोण राहतं? आणि दुसरी अडचण तिची स्वतःची होती. तळ्यावर मांडव घातला की पहिलं दही त्यांच्या वाडीचं, नवरीला आणि सासरच्या माणसांना वाटे घालून वाढायचं, ही जुनी रीत. आणि मांडवासाठी घरून निघालेलं दही परत घरी नेत नाहीत. कार्य कशाचं ते सांगा, म्हणजे मी मोकळी, ती म्हणाली आणि मडक्याशेजारी बसून राहिली.

“साखरपुडा म्हणा,” भामाबाई हळूच म्हणाल्या. “कुठं खोटं ठरणारे? पत्र आलंच आहे की.”

त्रिवेणी उभी होती तिथेच उभी राहिली. तिचे गुडघे मातीने माखलेले, हातात हातोडा. कुठल्याही अंगाने ती नवरी दिसत नव्हती. नामदेवराव एकदा मडक्याकडे बघत होते, एकदा खुंट्यांकडे.

“पोरगी सोमवारी नोकरीवर चालली,” ते म्हणाले, आधी मराठीत बायकोला, मग तेलुगूत सत्यवतीला. “डोंगरात. सहा महिने. तिच्यासाठी मांडव.”

भामाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग पोळपाटावरची पोळी उलटी केली आणि पुन्हा लाटायला घेतली.

सत्यवतीने मात्र सहजासहजी सोडलं नाही. तिने सगळं नीट विचारून घेतलं. नवरा बरोबर जाणार? नाही. सासू तिथे असेल? नाही. मग नणंदा, दीर? तेही नाहीत. मागच्या दोघी एकमेकींकडे बघून तोंडाला पदर लावून हसू लागल्या. सत्यवती हसली नाही. तिने मडक्यावरचं फडकं सोडलं आणि त्रिवेणीला खूण करून जवळ बसवलं.

“मग वाटे कशाला घालायचे?” ती भामाबाईंना म्हणाली. “सगळं दही हिलाच वाढा.”