मुडद्याची ओळख

रंगमंचावर अकरा मुडदे पडले होते आणि त्यांतल्या एकाला दरदरून घाम फुटला होता. तो हॅरल्ड, इंग्लंडचा राजा. म्हणजे रायपूरच्या शंकर नगरातल्या सरकारी क्वार्टरातला निरंजन. समुद्रापलीकडून आलेल्या नॉर्मनांनी हेस्टिंग्जच्या मैदानात त्याला नुकतंच कापून काढलं होतं, आणि मंडळाच्या गणेशोत्सवाला जमलेला अर्धा तात्यापारा मोहल्ला त्याच्याकडे बघत होता.

लाल कागद लावलेली बॅटरीची मशाल घेऊन ईडिथ आत आली. ईडिथ म्हणजे पद्मिनी. शेवटच्या अंकाआधी, तोंडाला लाल रंग फासून घेणाऱ्या निरंजनच्या कानाशी ती एवढंच बोलली होती, "नाटकातली खूण नाही सांगणार मी आज. तुमच्या पाठीवरचा डाग सांगणार हाय."

ईडिथचं काम तसं छोटंसं. घाव इतके, की प्रेतांचे चेहरे ओळखू येत नाहीत. राजा नक्की मेला का, हे नॉर्मनांच्या विल्यमला कळायला हवंय. राजाच्या अंगावरची खूण एका ईडिथलाच ठाऊक. तिनं छातीवरचा तीळ सांगून "हाच माझा धनी" म्हणायचं, की विंगेत दोरी धरून उभे असलेले बाबाराव पडदा पाडणार. तोवर मेलेल्यानं पापणीही हलवायची नाही, असा दिग्दर्शक श्यामरावांचा दंडक होता.

तालमीत श्यामरावांनी समजावलं होतं, "ही काही राजानं चर्चमध्ये लग्न लावून आणलेली राणी नाही बरं. डेन लोकांच्या रीतीची बायको. पाद्री नाही, मंत्र नाही. राज्याच्या कामाची सोयरीक आली तशी राजानं दुसरी केली." विंगेत चिलखत शिवत बसलेल्या पद्मिनीची सुई तिथंच थांबली.

तिचीही रीत तीच होती. राजनांदगावला निरंजननं तिच्या, एका विधवेच्या, हातात बांगड्या भरल्या होत्या. छत्तीसगढात तेवढ्यानं बाई घरची होते. भटजी नाही, पत्रिका नाही, फोटो नाही. चार वर्षं संसार झाला. मग राज्य नवं झालं, रायपूर राजधानी झाली, निरंजनची तिथं बदली झाली. "क्वार्टर मिळालं का नेतो तुले," म्हणून गेला तो गेलाच. क्वार्टर मिळालं आणि एका मोठ्या साहेबांची लेक, अनुश्री, त्यात माप ओलांडून आली. पद्मिनीनं त्याच्या ऑफिसात 'हा माझा नवरा' म्हणून अर्ज दिला. चौकशी झाली. निरंजननं एका ओळीत लिहून दिलं, 'मी या बाईला ओळखत नाही.' पुरावा मागितला तेव्हा पद्मिनीनं बांगड्यांचे हात पुढे केले. समोरचा बाबू हसला.

ती राजनांदगावला परतली नाही. तिनं तात्यापाऱ्यात खोली घेतली आणि निरंजन ज्या मंडळात नाटकं करायचा तिथंच कपडे शिवायला लागली. गोल बाजारातल्या डेगच्या-पातेल्यांची शिरस्त्राणं, भांडी घासायच्या जाळीची चिलखतं, सगळं तिच्या हातचं. प्रॉम्प्टिंगही तीच करी, त्यामुळे अख्खं नाटक तिला पाठ. निरंजन तिच्याकडे विजेच्या खांबाकडे बघावं तसा बघायचा. ती संधीची वाट बघत होती, आणि परवा ईडिथ करणारी पूर्णिमा मलेरियानं आडवी झाली. श्यामराव म्हणाले, पद्मिनी करेल. निरंजनच्या तोंडचं पाणी पळालं. पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. ज्या बाईला आपण ओळखतच नाही, तिच्याबरोबर काम करायला अडचण कसली?

पद्मिनी एकेका मुडद्यावर उजेड टाकत पुढे सरकली. पहिल्या रांगेत अनुश्री बसली होती, शेजारी तिचे वडील. निरंजनच्या पाठीवर, डाव्या खांद्याखाली, स्टोव्हच्या भडक्यानं भाजल्याचा, हाताच्या पंजाएवढा डाग होता. महिनाभर पद्मिनीनंच त्याला कोरफड लावली होती. तो डाग तिच्या तोंडून निघाला असता तर अनुश्रीला दुसरी साक्ष लागली नसती. वर्षभर पद्मिनी या एका घटकेसाठी जगली होती.

ती हॅरल्डपाशी गुडघ्यावर बसली. ओठ न हलवता निरंजन पुटपुटला, "पद्मिनी, पाया पडतो तुह्या. डागाचं नको बोलू. नुसतं 'माझा' म्हन अन् मोकळं कर मले."

पद्मिनीला आधी हसू आलं, मग तिडीक. याच एका शब्दासाठी तिनं ऑफिसाच्या पायऱ्या झिजवल्या होत्या आणि आता हा पडल्या पडल्या तोच तिच्याकडे मागत होता. तिनं डाग सांगितला असता, तर काय झालं असतं? चोरीचा माल सापडला की तो मालकाच्या दारात आणून टाकतात. तसा हाही तिच्या दारात येऊन पडला असता. तिला तो आता दारातसुद्धा नको होता.

विल्यम झालेला विशाल तलवारीवर हात ठेवून गरजला, "बोल बाई! यांतला तुझा राजा कोणता?"

बाबारावांनी दोरी आवळली. पद्मिनी उठली. निरंजनचं तोंड पार शेवटच्या रांगेला दिसेल अशी तिनं मशाल धरली आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"महाराज, मी या माणसाला ओळखत नाही."