धाप

ती धावून परत आली तेव्हा नर्सबाई दारातच उभ्या होत्या. स्टेथोस्कोप अजून कानांतच होता.

“ताई, आधी आत या. आजींकडे बघा.”

आई पलंगावर होती, गेली तीन वर्षं होती तिथेच. कमरेखालचं शरीर तिचं ऐकत नव्हतं. कूस बदलायची तीही दुसऱ्या कुणीतरी. पण आत्ता तिचे पांढरे केस कपाळाला चिकटले होते, उशी भिजली होती आणि छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मुलगी सहा किलोमीटर धावून आली होती. तिच्या अंगावर घामाचा एक थेंब नव्हता.

नर्सबाई आठवड्यातून एकदा रक्तदाब बघायला येत. आज त्या लवकर आल्या होत्या आणि शेजारून किल्ली घेऊन आत शिरल्या होत्या. “बघते तर ठोके दीडशे. मध्ये दोन मिनिटं उतरले, म्हटलं सुटले. तर परत चढले. तुमची जिन्यावर चाहूल लागली आणि मग कुठे खाली यायला लागले. पडल्यापडल्या कुठे पळून आल्या कोण जाणे.” आपल्याच बोलण्यावर त्या जराशा हसल्या.

मुलगी हसली नाही. ती मध्ये दोनच मिनिटं थांबली होती. पाण्याच्या टाकीपाशी, जिथून ती रोज परत फिरायची तिथे, बुटाची लेस सुटली म्हणून.

“डॉक्टरांच्या कानावर घालते,” निघताना नर्सबाई आवाज खाली करून म्हणाल्या. “पण खरं सांगू का, असं पुन्हा झालं तर या वयात हे काळीज टिकायचं नाही.”

त्या गेल्यावर मुलीने रोजच्यासारखं कोमट पाणी आणि फडकं घेतलं आणि आईचे पाय पुसायला बसली. टाचांना घट्टे पडल्याचं तिने महिन्यापूर्वीच पाहिलं होतं. चादरीने घासलं असेल, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. आज उजव्या करंगळीशेजारी एक टपोरा फोड होता. तिचे नवे बूट नेमके तिथेच चावत होते. तिने आपला मोजा काढून बघितला. पाऊल तान्ह्या बाळासारखं मऊ होतं.

बेचाळीस वर्षांतली चाळीस तिने बसून काढली होती. दर वर्षी शाळा सुरू झाली की आई चिठ्ठी द्यायची, मुलीचं हृदय नाजूक आहे, खेळाच्या तासाला बसू द्यावं. मग मैदानाच्या कडेला ती सगळ्यांच्या चपला राखत बसे. मुली तिला पोतं म्हणत. पुढे घड्याळदुरुस्तीच्या दुकानातलं काम, तेही बसूनच. दोन वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी तपासून सांगितलं, हृदयाला काही धाड भरलेली नाही, आणि कधी भरलीही नसावी. त्या संध्याकाळी ती रागारागाने घरापर्यंत पळत आली. तेव्हापासून तिच्या पायाला भिंगरी लागली होती.

तिच्या आयुष्यातली पहिली शर्यत उद्या होती. दहा किलोमीटर, टाकीच्या पुढचा चढ धरून. छातीवर लावायचा नंबर आणि चार पिना टेबलावर ठेवल्या होत्या, आणि येताजाता त्यांना हात लावल्याशिवाय तिला चैन पडत नव्हतं. बरोबर धावणारे म्हणायचे, “तुला दम म्हणून लागत नाही.” ऐकून तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. ते कुणाच्या अंगावरून उतरत होतं, हे तिला आत्ता कळलं.

तिने हात कोरडे केले आणि मोबाईल घेतला.

“काय लिहितेस?” आईने विचारलं. धाप आता बसली होती.

“उद्या येत नाही म्हणून कळवते.”

“कारण काय दिलंस?”

मुलीने मोबाईल आईला दिसणार नाही असा वळवला.

“हृदय,” आई म्हणाली. “मला ठाऊक आहे. माझ्या आईने माझ्या चिठ्ठीत तेच लिहिलं होतं. माझंही चांगलं ठणठणीत होतं.”

“मग माझ्या वेळी का लिहिलंस?”

“भीती वाटायची.” आई छताकडे बघत राहिली. “तू पळत सुटलीस तर परत यायची नाहीस, असं वाटायचं.”

मुलीचा इतक्या वर्षांचा राग उसळला आणि तिथेच विरला. आईचं ओलं पाऊल अजून तिच्या मांडीवर होतं. “आई, उद्या मी धावले तर तुझा जीव जाईल गं.”

“अंथरुणात पडून जायचाच आहे. ते लिहिलेलं पुसून टाक.”

मुलीचा अंगठा मोबाईलवर तसाच थांबला.

“रोज त्या टाकीपासून परत फिरतेस,” आई म्हणाली. “पुढचा चढ राहिलाच की आपला.”

टाकीचं मुलीने घरी कधी सांगितलं नव्हतं. आणि या खोलीच्या खिडकीतून फक्त समोरची भिंत दिसायची.

बराच वेळ ती त्या फोडाकडे बघत बसली. मग तिने लिहिलेलं एकेक अक्षर पुसलं, पाऊल हळूच पलंगावर ठेवलं आणि पांघरूण घातलं.

“उद्या मध्येच थांबू नकोस हं,” आई डोळे मिटत म्हणाली. “आणि लेसला दोन गाठी मार.”