दहा वर्षांचा लोड

"पुढच्या दहा वर्षांचा लोड धरा," वायरमन सोलारवालीला बजावत होते. "आजच्यापुरतं बघणारा माणूस दोन वर्षांत कपाळाला हात लावतो."

छताची मापं घेऊन सोलारवाली नुकतीच खाली आली होती. आता फक्त इन्व्हर्टर ठरायचा होता. तिने दोन माहितीपत्रकं टेबलावर मांडली. एक साधा, बिनबॅटरीचा. लाइट गेली की तोही बंद, मग वर कितीही ऊन तापलेलं असो. दुसरा बॅटरीवाला, थोरला, कपाटाएवढी जागा खाणारा.

"साधा का बंद पडतो ते मला नका शिकवू," वायरमन म्हणाले. "खांबावर चढलेल्या माणसाला घराकडून उलटा करंट लागू नये म्हणून. तो खांबावरचा माणूस मीच होतो, चाळीस वर्षं."

पलंगावर उशांना टेकून बसलेली त्यांची बायको हसली. "आणि घरात दिव्याखाली अंधार. हे लोकांची लाइट आणायला जायचे, मी इथे मेणबत्ती शोधायचे." एवढं बोलूनच तिला धाप लागली. तिच्या नाकात नळी होती आणि पायथ्याशी ऑक्सिजनचं मशीन घरघरत होतं.

वायरमन हसले, पण तिच्याकडे बघून नाही. दोन महिन्यांपासून त्यांना तिच्या डोळ्याला डोळा देणं जमत नव्हतं. त्या दिवशी डॉक्टरांनी तिला बाहेर बसवून यांना एकट्याला आत बोलावलं, आणि फार तर सहा महिने, असं सांगितलं. बाहेर येऊन वायरमन हसत म्हणाले होते, "मशीन लावलं की बरं वाटेल म्हणाले. जरा वेळ लागेल, एवढंच." तेव्हापासून त्यांनी लांबच्या गोष्टींचा सपाटा लावला होता. पुढच्या वर्षी घराला रंग काढू. तीन वर्षांनी फळ धरेल असं लिंबाचं रोप मागच्या दारी लावू. आता हे सोलार. दहा वर्षं, दहा वर्षं, असं इतक्यांदा म्हणायचं की निदान तिला तरी ते खरं वाटावं.

बाकी बॅटरीवाल्या इन्व्हर्टरची गरज खोटी नव्हती. मागच्या आठवड्यात दीड तास लाइट गेली, मशीन बंद पडलं आणि तिला ऑक्सिजनचा सिलिंडर लावताना वायरमनच्या हातून चावी दोनदा उलटी फिरली होती. ज्या हातांनी भर वादळात तारा जोडल्या, तेच हात.

"काका, यादी केलीत का?" सोलारवालीने विचारलं. "कोणती वस्तू, किती नग, रोज किती तास."

"हिने केलीय. माझं अक्षर मलाच लागत नाही." बायकोने उशीखालून कागद काढून दिला. वायरमननी चष्मा चढवला आणि मीटरचे आकडे वाचावेत तसे खड्या आवाजात वाचायला लागले.

"पंखा, एक. अगं, दोन आहेत की."

"वाचा पुढे."

"पलंगाजवळचा दिवा, एक, रात्रभर. लाइट ठेवून कोण झोपतं आपल्याकडे? विजेची शेगडी, एक. आता ही कशाला? गॅस आहे ना?"

"गॅस चालू ठेवून तुम्ही विसरता."

"दाराची घंटा, मोठ्या आवाजाची. भाताचा कुकर, छोटा, एका माणसाचा."

सोलारवालीचं पेन थांबलं. वायरमन मात्र कागद उलटून मागची बाजू बघत होते.

"मशीन कुठाय? घरात चोवीस तास चालणारी तेवढी एकच वस्तू, आणि तीच विसरलीस?"

"विसरले नाही," बायको म्हणाली. "दहा वर्षांचा लोड लिही, असं तुम्हीच सांगितलंत. तो लिहिला."

वायरमननी कागद पुन्हा सुलटा केला. एका माणसाचा, हे शब्द त्यांनी परत एकदा वाचले, या वेळी मनातल्या मनात. मग त्यांचा आवाज चढला.

"काहीतरी अभद्र लिहून ठेवतेस! तुम्ही मशीन धरा हो. बॅटरीवालाच द्या आम्हाला."

"अहो," ती हळूच म्हणाली, "चार महिन्यांसाठी एवढा थोरला कशाला?"

चार. सहातून दोन गेले की चार, हा हिशेब गेले काही दिवस वायरमन रोज पहाटे करत होते. त्यांनी तो कोणालाही सांगितला नव्हता. ते पलंगाच्या कडेवर बसले आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी तिच्याकडे सरळ पाहिलं.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"डॉक्टरांकडून बाहेर येऊन हसलात ना, तेव्हापासून. इतकं गोड तर तुम्ही लग्नातसुद्धा हसला नव्हतात. आणि महिने तर रोज पहाटे तुम्हीच पुटपुटत मोजता."

वायरमनना रडू फुटलं. परक्या बाईसमोर, भर दुपारी, तोंड न झाकता ते रडले. बायको त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. सोलारवाली उगाच छताची मापं पुन्हा तपासत बसली. मग तिने विचारलं, "काका, काय लिहू?"

वायरमननी मनगटाने डोळे पुसले.

"दहा वर्षांचं खोडून टाका," ते म्हणाले. "बॅटरीवाला लिहा, आणि परवाच्या परवा बसवा. हे चार महिने माझ्या घरातली लाइट जाता कामा नये."