एकाच हाताचा मोजा

"एका बाळासाठी वरून कोणी चौकशीला येत नसतं, बाई," डॉक्टर म्हणाले. "लाखात एखाद्यालाच असं होतं. योगायोग म्हणायचा. हां, आसपास आणखी चार-दोन बाळं अशी असती, तर गोष्ट वेगळी."

बाळाच्या डाव्या हाताला बोटं नव्हती. एकही नाही. बाकी बाळ कसं गुटगुटीत, नाकीडोळी नीटस! पण घरात त्या हातापलीकडे कोणाला काही दिसतच नव्हतं.

"मी सांगतेच आहे ना," सासूबाई मध्येच बोलल्या. "हिनेच नको ते खाल्लं असणार." आणि त्यांनी बाळाच्या पायातला मोजा काढून त्या हातावर चढवला, वरून दोरीची गाठ करकचून मारली. मारायचीच होती तर जिभेला मारायची होती!

बाहेर लस टोचून घ्यायला आलेल्यांची ही गर्दी. पंखा बंद. बाळं घामाने चिंब. बाळाची आई डॉक्टरांच्या दारातच थबकली. समोरच्या बाकावर एका बाईच्या मांडीवरचं बाळ उघडंच होतं. हातात तेवढा मोजा. एकाच हातात.

"एवढ्या उकाड्यात मोजा गं?" तिने विचारलं.

"तोंड ओरबाडतं हो," बाईने घाईघाईने दुपटं ओढलं.

तोंड ओरबाडतं! हेच, अगदी हेच उत्तर आईने शेजारणीला दिलं होतं, दूधवाल्याला दिलं होतं, सख्ख्या बहिणीलाही दिलं होतं.

"एकाच हाताने ओरबाडतं?"

 बाईचे डोळे भरले.

आईला रडू यायचं, तर आला संताप. म्हणजे आम्ही घरोघर झाकत बसायचं, आणि यांनी आत बसून योगायोग म्हणायचं! सुई टोचतात मांडीत, हात बघतो कोण? ती बाळाच्या मोज्याशी झटू लागली. गाठ सुटेना.

"अगं, काय करतेस? चारचौघांत!" सासूबाई कुजबुजल्या.

"चारचौघांतच करायचंय. चौघं तरी आहेत का, ते कळू दे!"

सासूबाईंनी त्या दुपट्याकडे पाहिलं. मग त्या बाईला हळूच विचारलं, "तू काय खाल्लं होतंस गं?"

"काही नाही हो. घरचंच. तुमची शपथ."

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी नातवाचा हात तोंडाशी नेला आणि गाठ दातांनी तोडली.

आईने तो इवलासा हात उंच धरला. "ज्यांची बाळं एकाच हाताने ओरबाडतात ना, त्यांनी पुढे या. तोंड लपवायला आपण कोणाचं काही चोरलेलं नाही!"

कोणी हललं नाही. कोणीतरी उगाच खोकलं. मग बाकावरच्या बाईने दुपटं सारलं. खिडकीजवळची एक उठली. रांगेच्या टोकाला एक बाप बाळाला छातीशी धरून मान खाली घालून उभा होता, तोही मान वर करून आला. त्याच्या मागून आणखी एक आजी.

सगळी वरात डॉक्टरांच्या खोलीत शिरली.

"आता काय?" डॉक्टर वैतागले. "एकेकाने या!"

"एकेकानेच येत होतो की इतके दिवस," आई म्हणाली, आणि तिने ओंजळभर मोजे टेबलावर ओतले. पिवळा, निळा, एक जुन्या बनियनचा शिवलेला.

"अहो, हे काय आहे?"

"मोजे," सासूबाई म्हणाल्या.

"मोजा," आई म्हणाली.