निळ्या नळीवरचा गंज

"पुन्हा आलाय बघ," मामा म्हणाला आणि रायफल खिडकीपाशी घेऊन गेला.

भाचीने वाकून बघितलं. निळसर काळ्या नळीवर तांबूस डाग उमटले होते. लांबुळके, एकाशेजारी एक. कुणीतरी ओल्या बोटांनी नळी धरली असावी तसे.

"तू हात पुसत नाहीस. घामात मीठ असतं, शंभरदा सांगितलं. धरलीस की पुसायची, मगच खाली ठेवायची."

"पुसते रे मामा."

"मग गंज काय आभाळातून पडला?"

मामा नेमबाजी क्लबातल्या बंदुका सांभाळायचा. मामी गेल्यापासून क्लबाच्याच मागच्या खोलीत एकटा राहायचा. बहिणीच्या या पोरीला त्यानेच बोट धरून इथे आणलं होतं, आणि पोरगी निघाली पक्क्या नजरेची. येत्या रविवारी निवड चाचणी होती. क्लबात खरी चांगली रायफल एकच, ती तिला मिळाली होती. मामाचा ऊर भरून यायचा, पण तोंडाने कौतुक करेल तर तो मामा कसला!

"पॉलिश पेपर मारू का?" भाचीने मुद्दाम विचारलं.

"मार की. वर लिंबूही पिळ," मामा भडकला. "अगं, ही निळाई म्हणजे वरून फासलेला रंग नव्हे. तोही एक गंजच, फक्त शहाणा. लोखंडाला धरून बसणारा. आंबट लावलंस की वाईट गंजाबरोबर हाही जातो आणि नळी पांढरीफटक पडते."

त्याने डागांवर तेलाचे थेंब सोडले आणि ते मुरेपर्यंत तिच्या आईची चौकशी केली. मग तांब्याच्या बारीक तारांचा मऊ बोळा घेतला आणि बाळाचं नाक पुसावं इतक्या हलक्या हाताने फिरवायला लागला. तेल तपकिरी झालं की जुन्या बनियनच्या फडक्याने टिपायचं, उजेडात बघायचं, पुन्हा तेल. मधल्या आजारातून उठल्यापासून त्याला जरा काम केलं की घाम फुटायचा. तो बाहीला कपाळ पुसत राहिला, पण घाई केली नाही.

डाग गेले. निळाई होती तशी राहिली. मामाने तेलाचा पातळ हात फिरवला, रायफल कपाटात ठेवली आणि दार लावण्याआधी नळी क्षणभर मुठीत धरून दाबली. बाकीच्या बंदुका नुसत्या आत जायच्या. लाड फक्त हिचे.

भाची बघत होती. दुसऱ्या दिवशी तिने मामासाठी सुती हातमोजे आणले.

"मी काय ऑपरेशन करतोय?" मामा म्हणाला. "उघड्या बोटांना कळतं ते मोज्यांना कळत नाही." मोजे खणात गेले. त्या दिवसापासून साफसफाई झाली की ती म्हणायची, "दे, मी ठेवते कपाटात." मामा कसला देतोय! "आधी स्वतःचे हात बघ," म्हणायचा.

गुरुवारी सेक्रेटरी पाहणीला आले. माणूस वाईट नव्हता, पण शिस्तीला पक्का. मामाने कपाट उघडलं. नळीवर डाग होतेच.

"परत तेच," सेक्रेटरी म्हणाले. "आता ऐका. दोष वापरणाऱ्याचा असेल तर रायफल दुसऱ्याला देईन. सांभाळणाऱ्याचा असेल तर सांभाळणारा बदलेन. कुणाचा आहे?"

मामाने रायफल उचलून डाग उजेडात धरले. "साहेब, मी स्वतः साफ करून ठेवली होती."

भाची त्याच्या हाताकडे बघत होती. मग तिने सेक्रेटरींकडे बघितलं.

"माझीच बोटं आहेत," ती म्हणाली. "घाईत पुसायची राहिली."

 बाहेर आल्यावर मामाने तोंड सोडलं. "स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतलास! इतकी वर्षं घासलंस ते पाण्यात गेलं. तेही कशापायी, तर एक फडकं फिरवायचा आळस!"

"चुकलं मामा," ती म्हणाली. "तू गोळ्या वेळेवर घे. मी आता काही दिवस येत नाही."

 मामाचा रागही तिच्यावरच होता आणि जीवही तिच्यातच अडकला होता.

रायफल क्लबात येणाऱ्या बँकेतल्या एका कारकुनाला द्यायचं ठरलं. तो शनिवारी येणार होता. पोरीचा राग लोखंडावर काढून काय उपयोग, असं म्हणत मामाने शुक्रवारी पुन्हा तेल आणि बोळा घेतला. नळी आरशासारखी झाली. ही आता आपल्या पोरीची नाही, या विचाराने त्याला ती कपाटात ठेवून हात काढवेना. शेवटी त्याने कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

शनिवारी कारकून आला. सेक्रेटरीही सोबत होते. मामाने कुलूप काढलं.

नळीवर तांबूस डाग होते. लांबुळके, एकाशेजारी एक.

"आता कुणी हात लावला?" सेक्रेटरींनी विचारलं.

"कुणी नाही साहेब. पोरगी तर गुरुवारपासून फिरकलीच नाही. कपाट बंद होतं, किल्ली माझ्याकडेच..."

 मामाने रायफल सावकाश बाहेर काढली, आणि त्याचं एकेक बोट एकेका डागावर बरोबर बसलं.